एकवीस मार्चची सावली

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की तोंड उघडण्याआधी लिहून काढत जा. रक्तदाब एकशे ऐंशी. कारण परवाचा बसवाला. मी धावत येतेय हे आरशात बघूनसुद्धा त्या बाबाने दार लावलं. मी बर्फातून पुढच्या थांब्यापर्यंत धावले, बस गाठली आणि जे बोलायचं ते सगळं बोलले. छप्पन्नाव्या वर्षी. बसमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन तासांनी वृद्धाश्रमात कामावर असताना मी चक्कर येऊन पडले. तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणून ही वही.

आज सूर्य गेला. आमचं गाव ध्रुववृत्ताच्या वर, आता दोन महिने तोंड दाखवणार नाही. दिवसभर ढग होते, त्यामुळे शेवटचा दिसलाही नाही. न सांगता गेला, माझ्या नवऱ्यासारखा, आयलर्टसारखा. आयलर्ट निदान पत्ता ठेवून गेला. स्पेन, समुद्रकिनारा, बरोबर त्याची मालीशवाली. तिथे म्हणे वर्षाचे तीनशे दिवस ऊन असतं. भाजून निघू दे.

२५ नोव्हेंबर

आमच्या वृद्धाश्रमाच्या फलकावर एक कागद लागलाय. समोरच्या धक्क्यावरची जाळी ठेवायची जुनी वखार पाडून तिथे हॉटेल होणार. नऊ मजले. हिवाळ्यात आकाशातले हिरवे झोत बघायला जे पाहुणे येतात त्यांच्यासाठी. म्हणजे ज्यांना अंधार बघायचाय त्यांच्यासाठी आमचा उजेड घेणार.

सोबत सावलीचं चित्र आहे. म्हणजे दोन चित्रं. एक २१ मार्च, दुपारी बारा. दुसरं २१ जून, दुपारी तीन. मार्चची सावली आमच्या भिंतीच्या हातभर अलीकडे येऊन थांबते, जणू कोणी शिस्त लावलीय तिला. जूनची तर बिचारी हॉटेलच्या पायाशीच बसलीय. खाली लिहिलंय: 'शेजारच्या इमारतींवर उल्लेखनीय परिणाम नाही.' हरकती एक फेब्रुवारीपर्यंत.

मी गणितात कच्ची. पण सव्वीस वर्षं इथे म्हाताऱ्यांना उठवते, बसवते, भरवते. जानेवारीत सूर्य परत येतो तो बरोबर त्या वखारीच्या छपरावरून, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बैठकीच्या खोलीत. मार्चमध्ये तो कुठेही दिसतो. मार्चचं चित्र काढायला डोकं लागत नाही. जानेवारीचं कुठाय?

मी हे सगळं मोठ्याने बोलले. गुडवाय आजी म्हणाल्या, "पोरी, ओरडू नकोस, माझे कान शाबूत आहेत." आजी एक्क्याण्णव वर्षांच्या. पस्तीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात बसून बोटींचे आवाज ऐकले त्यांनी. कान खरंच शाबूत आहेत. बाकी फारसं काही नाही.

१ डिसेंबर, रविवार

सुनिव्हा आली होती कॉफीला. एकुलती एक लेक, एकतीस वर्षांची, इथल्याच एका वास्तुरचनाकारांच्या कार्यालयात नोकरीला, आणि महिन्यातून एकदा आईकडे येते, हजेरी लावल्यासारखी. मी मोबाइलवर तो कागद दाखवला.

"बघ. चोर आहेत की नाही?"

तिने बघितलं. दोन बोटांनी मोठं करून. "चित्र चुकीचं नाहीये, आई."

"म्हणजे?"

"त्या दिवशी, त्या वेळी, सावली तेवढीच पडते. खोटं नाही त्यात काही."

"आणि जानेवारीत?"

"आई, कामाचं बोलणं नको ना घरी."

घरी! स्वतःच्या घरी मी काय बोलायचं ते आता ही ठरवणार. तिने वॉफलला हात लावला नाही. मी तिच्यासाठी रानातल्या ढगबेरीचा जॅम काढला होता, शेवटची बाटली. अर्ध्या तासात निघून गेली. हल्लीच्या पोरांना आईसाठी वेळ नसतो.

१२ डिसेंबर

कोट न काढताच लिहितेय. अक्षर येतंय तसं येऊ दे.

आज दुपारी ग्रंथालयात हॉटेलवाल्या कंपनीची सभा होती. बाहेर एक वाजता काळोख, आत जिंजरची बिस्किटं आणि ब्रेडे नावाचा एक गुळगुळीत माणूस. पस्तिशीचा, लोकरी स्वेटर घालून आला होता, आपल्यातला वाटावा म्हणून. मी उभी राहिले आणि विचारलं, हिवाळ्याचं चित्र का नाही?

"हिवाळ्यात इथे सूर्यच नसतो, बाई," तो म्हणाला. लोक हसले.

"दोन महिने नसतो. तुम्ही पाच महिने घालवताय."

"आमच्या रचनाकारांनी नियमाप्रमाणे सगळं तपासलंय. सुनिव्हा, जरा उभी राहतेस?"

पहिल्या रांगेतून उभी राहिली. मी तासभर तिच्या मानेकडे बघत बसले होते आणि ओळखलं नव्हतं. केस वर बांधले होते. तिने मागे वळून बघितलं नाही. म्हणाली, "एकवीस मार्च ही सर्वत्र वापरली जाणारी तारीख आहे. दिवस-रात्र समान असतात म्हणून." आवाज असा, जणू दात काढताना बोलतेय.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. ग्रंथपालबाईंनी मला कोट हातात दिला.

१३ डिसेंबर

तिचे सात फोन. उचलले नाहीत.

२४ डिसेंबर

नाताळची संध्याकाळ, म्हणजे दुपारी चारच, पण सगळं सारखंच. सुनिव्हा आली. नाताळ म्हणून दार उघडलं. मेंढीच्या खारवलेल्या बरगड्या वाफवल्या होत्या, सलगमचं भरीत होतं. पहिली पंधरा मिनिटं आम्ही खारट मांसाबद्दल बोललो.

मग मी म्हटलं, "तुला माहीत होतं मी तिथे काम करते."

"हो."

"आणि तरी?"

"आई, मी काढलं नसतं तर दुसऱ्या कोणी काढलं असतं."

हे वाक्य मला सहन होत नाही. आयलर्टनेही गेल्यावर फोनवर असंच काहीतरी म्हटलं होतं, की हे कधीतरी होणारच होतं. जणू गोष्टी आपोआप होतात, माणसं नुसती शेजारी उभी असतात. मी म्हटलं, "तू बापाचीच लेक. स्वतःला ऊन मिळालं की झालं, मागे कोणाच्या अंगावर सावली पडतेय ते बघायचं नाही."

ती उठली. ताट धुऊन ठेवलं. ताट धुऊन ठेवण्याऐवजी दुसरं काही केलं असतं, आदळआपट केली असती, तर बरं झालं असतं.

"परत येऊ नकोस," मी म्हटलं.

हे मी लिहायला नको होतं, बोलायलाही नको होतं. पण बोलले. डॉक्टरीणबाईंची युक्ती अजून जमत नाही.

९ जानेवारी

दुपारी दक्षिणेकडे गुलाबी रेघ. बारा दिवस राहिले. सेलाम, माझी कामावरची जोडीदारीण, एरिट्रियाची, आठ वर्षं झाली इथे. म्हणाली, "ताई, आमच्याकडे दिवस बाराही महिने बारा तासांचा. सूर्याला कोणी विचारत नाही, कधी आलास म्हणून. इथे येऊन मला पहिल्यांदा कळलं की तो कोणाच्या मालकीचा असू शकतो."

मी हरकतीचं पत्र लिहितेय. तिसऱ्यांदा फाडलं. शिव्या काढल्या की पत्रात काहीच उरत नाही.

१९ जानेवारी

काल माझी सुट्टी होती. आज सेलाम सांगते, सुनिव्हा येऊन गेली. गुडवाय आजींकडे दोन तास बसली, चॉकलेट आणलं होतं, खिडकीतून फोटो काढले. आईची सुट्टी बघून आली! माझ्या म्हाताऱ्यांकडे येते आणि माझ्याकडे नाही. मीच नको म्हटलं होतं, हे मला माहीत आहे. म्हणून काय खरंच यायचं नाही?

२१ जानेवारी

आला.

अकरा एक्केचाळीसला. आम्ही सगळ्यांना खिडकीशी बसवलं होतं, चाकाच्या खुर्च्या दोन रांगांत, हातात जॅम भरलेले तळलेले पाव, सूर्य परतण्याच्या दिवशी खायचे. वखारीच्या छपरावर आधी एक पिवळी कड दिसली आणि मग एकदम तो, नारिंगी, रागावल्यासारखा. आजींच्या चेहऱ्यावर पडला. त्यांनी पाय त्यांच्या त्या हिरव्या तिवईवर ठेवले होते, पोट पुढे काढून बसल्या होत्या, हनुवटीला साखर.  चार मिनिटं. अकरा पंचेचाळीसला गेला.

पाठीमागच्या भिंतीवर उजेड कुठपर्यंत आला होता तिथे मी चिकटपट्टी लावली आणि तारीख लिहिली. रोज लावणार. सूर्य जसा वर चढेल तसा भिंतीवरचा उजेड खाली उतरेल. दुरुस्तीवाला म्हणाला रंग निघेल. मी म्हटलं, निघू दे, नऊ मजले झाल्यावर कोणाला दिसणार आहे रंग?

नंतर मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. जॅम डोळ्यात गेला होता.

२५ जानेवारी

एकतीस मिनिटं. खिडकीतला सूर्य रोज सहा-सात मिनिटांनी वाढतोय. माझा रागही.

२७ जानेवारी

टपालाने तपकिरी पाकीट आलं. नाव नाही, पत्र नाही. आत सहा चित्रं. २१ जानेवारी. ५ फेब्रुवारी. २१ फेब्रुवारी. ६ मार्च. ७ ऑक्टोबर. २ नोव्हेंबर. सगळी दुपारी बाराची. हॉटेल उभं आहे आणि त्याची सावली आमच्या इमारतीवर चादरीसारखी. सहा मार्चला पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर सूर्य पोचतो. सात ऑक्टोबरला शेवटचा. मी म्हटलं होतं ना, पाच महिने! मी नुसतं अंदाजाने म्हटलं होतं.

आणि काय काम केलंय! आमची बैठकीची खोली आतून काढलीय, खिडकीशी आजींची खुर्ची, आणि पायाखाली ती तिवईसुद्धा. पालिकेतला कोणीतरी सज्जन माणूस असणार. कधीतरी कोणा नातेवाइकाला भेटायला आला असेल, तेव्हा तिवई बघितली असेल. अशीही माणसं असतात म्हणायची. नाहीतर माझी लेक.

सेलामला दाखवलं. ती बराच वेळ चित्राकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "काय?" मी विचारलं. "काही नाही, ताई. सुंदर आहे."

गुडवाय आजींनी भिंग लावून बघितलं. म्हणाल्या, "नाव न सांगता बोलणाऱ्या खलाशाला मी श्वासावरून ओळखायचे. तू बघून ओळखत नाहीस."

आजींचं हल्ली असंच. काहीही बोलतात.

३० जानेवारी

हरकत दाखल केली. सहाही चित्रं जोडली. या वेळी पत्रात एकही शिवी नाही. चित्रंच पुरेशी शिवी आहेत.

१४ फेब्रुवारी

वर्तमानपत्रात कंपनीचं निवेदन. ती चित्रं म्हणे त्यांच्या कार्यालयातली, अंतर्गत, चोरलेली. पोलिसांत जायचा विचार चाललाय. चोरीची चित्रं खोटी आहेत असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलं. चोर ओरडतोय की माझी चोरी चोरली.

तेव्हा तो सज्जन माणूस पालिकेतला नाही, त्यांच्याच कार्यालयातला निघाला. सुनिव्हाच्या शेजारच्या टेबलावर कोणी शरम असलेलं माणूस बसतं म्हणायचं. तिला विचारायला हवं होतं कोण आहे. पण आम्ही बोलत नाही.

३ मार्च, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

पालिकेच्या समितीपुढे सुनावणी, दुपारी एक वाजता. बाहेर लख्ख ऊन, बर्फावरून डोळ्यांत. सेलाम रजा घेऊन आली होती. कंपनीकडून ब्रेडे, एक वकील, आणि त्यांच्यामागे सुनिव्हा. खूप वाळलीय. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग टेबलाकडे.

मी माझं वाचून दाखवलं. वकील उठला. "या चित्रांचा उगम सांगता येईल का? कारण ती चोरीची असतील तर समितीने ती बघूच नयेत."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मागनहिल्ड, चित्रं तुम्हाला कोणी दिली?"

मी तोंड उघडलं सांगायला, की पाकिटातून आली, नाव नव्हतं. आणि त्याच क्षणी सुनिव्हाने डोळे मिटून घेतले. ती सहा वर्षांची असताना काहीतरी फोडलं की असेच मिटायची. मग तिवई, फोटो, दोन तास, आजींचं ते बोलणं, सगळं एकदम डोक्यात आलं. सव्वीस वर्षं माणसं सांभाळते म्हणे मी!

"मी काढली," मी म्हटलं.

खोलीत कोणीतरी हसलं.

"तुम्ही?" वकील म्हणाला. "कशाने?"

"पेन्सिलीने."

"सूर्याचा कोन कसा काढलात, ते समजावून सांगाल?"

मग मला जो राग आला तो नोव्हेंबरपासून साठलेला सगळा. पण या वेळी तो ओरडायला आला नाही, बोलायला आला. मी म्हटलं, "आमची खिडकी जमिनीपासून नऊ मीटरवर आहे, दुरुस्तीवाल्याने मोजून दिली. तुमची इमारत तीस मीटर, तुमच्याच कागदावर आहे. मध्ये ऐंशी मीटर, माझी एकशे सात पावलं, बर्फात एकशे बारा. म्हणजे एकवीस मीटर वर बघायचं, ऐंशी मीटर लांबून. सूर्य तेवढा वर येईपर्यंत आम्हाला तुमची भिंत दिसणार. एकवीस जानेवारीला तो आला अकरा एक्केचाळीसला, चार मिनिटं. पंचवीसला एकतीस मिनिटं. एक फेब्रुवारीला एक तास दहा. आमच्या मागच्या भिंतीवर एकोणतीस चिकटपट्ट्या आहेत, ढगाचे दिवस सोडून. या, बघा. कुठल्या पट्टीपर्यंत तुमचं हॉटेल खातं ते मी बोट ठेवून दाखवते. आणि एकवीस मार्च का निवडला तेही सांगते. त्या दिवशी सावली आमच्या भिंतीच्या हातभर अलीकडे थांबते. दोन आठवडे आधीची तारीख घेतली असती तर ती भिंतीवर चढून तिसऱ्या मजल्याला भिडली असती. ज्याने ती तारीख निवडली त्याला हे माहीत होतं."

हे शेवटचं वाक्य बोलले आणि माझ्या लक्षात आलं मी कोणाबद्दल बोलतेय. पण बोलून झालं होतं.

ब्रेडे हसत होता. समितीने ठरवलं की पालिका स्वतः सावल्या तपासेल, हिवाळ्यासकट, आणि मग मत घेईल.

बाहेर गाड्या लावायच्या जागी सुनिव्हा मागून आली. कोटाची बटणं उघडी.

"आई, तू खोटं का बोललीस?"

"तुझ्यासाठी, मूर्ख मुली!"

"मी सकाळीच सांगितलं होतं त्यांना. नऊ वाजता. की मी पाठवली." ती रडत नव्हती, नाकातून पाणी येत होतं थंडीने. "शुक्रवारपर्यंत टेबल रिकामं करायचंय."

म्हणजे ब्रेडेला माहीत होतं. मी सगळ्या गावापुढे पेन्सिल पेन्सिल करत होते आणि तो मजा बघत होता. मी परत आत निघाले. तिने माझी बाही धरली.

"आई, नको."

"मग तू तिथे बसलीस कशाला, त्यांच्या मागे?"

"तू नीट वापरतेस का ते बघायचं होतं."

"वापरलं?"

"एकशे बारा पावलं," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मला जवळ घ्यायचं होतं तिला. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय हात उचलेना.

"मार्चची तारीख कोणी निवडायला लावली तुला? ब्रेडेने?"

"कोणी नाही."

"सुनिव्हा."

"कोणी नाही लावली, आई. त्यांनी फक्त म्हटलं, बघ, अडचण येणार नाही असं. मी सगळ्या तारखा मांडून बघितल्या. एकवीस मार्चला सावली तुमच्या भिंतीपाशी थांबत होती. मी ती घेतली."

 सेलामने मला गाडीत बसवलं.

४ मार्च

झोप नाही. तिने केलं ते ठाऊक असून केलं. मग उलटवलं तेही तिनेच. दोन्ही माझीच लेक. मी कोणावर रागावू? दोघींवर रागावते.

६ मार्च

आज त्या नऊ मजल्यांवरून पहिल्यांदा दिसला असता. आम्ही मात्र चव्वेचाळीस दिवस आधीपासून बघतोय. फोन केला तिला. म्हटलं, जेवायला ये. मासा आहे. आली. या वेळी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

२८ मे

समितीत मतदान झालं. नऊऐवजी पाच मजले. सगळे माझं अभिनंदन करतायत. वर्तमानपत्राचा मथळा: 'सूर्य वाचला.'

वाचला! पाच मजल्यांवरून तो आठ फेब्रुवारीला येणार आणि दोन नोव्हेंबरला जाणार. जानेवारी-फेब्रुवारीतले अठरा दिवस गेले, शरदातले एकोणीस. एकवीस जानेवारीला पाव घेऊन आम्ही भिंतीकडे बघत बसणार. संपादकांना फोन करून सांगितलं, की मथळ्यात सदतीस दिवस कमी पडलेत. ते म्हणाले, मथळ्यात एवढी जागा नसते.

गुडवाय आजींना सांगितलं. म्हणाल्या, "आधी तो पडदा ओढ. आठ दिवस झाले, हा सूर्य मावळत नाहीये, माझ्या डोळ्यात भाला खुपसतोय."

"आजी, तुमच्यासाठी भांडले मी!"

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मी हिवाळ्यात पस्तीस वर्षं खिडकी नसलेल्या खोलीत बसलेय, कानाला यंत्र लावून. पोरी, अंधारात कोण एकटं पडतं ते मला नको सांगूस. पडदा ओढ."

पडदा ओढला. काहीही बोलतात.

२० जून

सुनिव्हा नवी नोकरी मिळेपर्यंत माझ्याकडे राहायला आलीय. खिडक्यांना स्वयंपाकघरातला चांदीचा कागद चिकटवलाय, तरी कुठून तरी ऊन शिरतंच. सकाळी सात वाजता तिच्याशी भांडण. कारण, कॉफीची भुकटी संपवली आणि सांगितलं नाही. असं भांडण फार दिवसांनी झालं. बरं वाटलं.

नंतर बघते तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरलेले. चार नकाशे, हिवाळ्याच्या तारखा, सावल्या.

"हे काय? कोणाचं काम?"

"माझंच. जुनं."

"म्हणजे?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "आई, एकवीस मार्च मी पहिल्यांदाच नाही वापरला. आधी चारदा वापरलाय. एक गोदी, दोन वसाहती, एका बालवाडीमागे कार्यालयांची इमारत. कोणी विचारलं नाही. तिथे तू नव्हतीस."

"मग आता अडवता येईल?"

"नाही. चारही उभ्या आहेत."

मी कॉफीची भुकटी आणायला म्हणून बाहेर पडले आणि पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेले. वारा होता. राग येईल म्हणून वाट बघितली. आला नाही, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. दुकान उलट्या दिशेला होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सुनिव्हा आठवडाभर म्हणत होती, त्या बालवाडीत जायचंय. काल म्हणाली, "एकटी जाऊ शकेन असं वाटत नाही." मी पाळी बदलून घेतली.

बालवाडीचं अंगण दक्षिणेला. त्याच्या पलीकडे ती इमारत, काचेची, सहा मजली. बारा वाजले होते. गावभर ऊन होतं, डोंगरावर नवा बर्फ, आणि या अंगणात निळी सावली. पोरं चकाकणाऱ्या जाकिटांत घसरगुंडीवर. त्यांना काही वाटत नव्हतं. पोरांना काय, तीन वर्षांच्या पोराला हे अंगण असंच माहीत.

संचालिका ओडनी नावाची, चाळिशीची, हातात ओले मोजे. सुनिव्हाने नाव सांगितलं, इमारतीचं सावलीचं चित्र मी काढलं होतं म्हणाली, आणि ते कसं काढलं होतं तेही. नवं चित्र पुढे केलं. "इमारत हलणार नाही. पण पूर्वेच्या कोपऱ्यात, शेडच्या जागी, दहा ते अकरा ऊन येतं, नोव्हेंबर लागेपर्यंत, आणि परत फेब्रुवारीच्या मध्यापासून. वाळूचा हौद तिथे हलवला तर..."

ओडनीने चित्र घेतलं. बघितलं. आणि मग ती जी सुरू झाली.

"तीन वर्षं! तीन वर्षं मी पालकांना सांगतेय की आमचाच काहीतरी भ्रम असेल, कारण कागदावर लिहिलंय परिणाम नाही! तुम्हाला लाज वाटली नाही? इथे पोरं आहेत हे दिसत होतं ना नकाशात? आणि आता येता, हातात कागद घेऊन, हौद हलवा म्हणून? तुमचं मन हलकं करायला आलात?"

मोठा आवाज होता तिचा. पोरं थांबून बघायला लागली. एकेक शब्द मला पाठ होता. तो मीच बोललेला होता, ग्रंथालयात, नाताळला, फोनवर. फक्त तो बाहेरून कसा ऐकू येतो ते मला आजवर माहीत नव्हतं.

सुनिव्हा उभी होती, डोळे उघडे ठेवून. "हो," एवढंच म्हणाली. "खरं आहे."

माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली. की नोकरी गेली तिची. की बाकीचे तर येतसुद्धा नाहीत. की तुम्हीही हिवाळ्याचं चित्र मागितलं नव्हतं. दहाही गिळली. सुनिव्हाची पिशवी माझ्या हातात होती, ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

ओडनी थकली. मोजे पिळले. चित्र परत दिलं नाही, घडी घालून खिशात ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

"आणि तुम्ही कोण? कंपनीच्या?"

"नाही," मी म्हटलं. "मी हिची आई."